लाइट गेल्यावर बोलणारा माणूस

त्यांनी पहिल्यांदा रेडिओवर माझा उल्लेख केला तेव्हा मी कणीक मळत होते. भिवंडीच्या नारपोलीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुपारची लाइट गेली, खालच्या कारखान्यातले कापड विणायचे लूम एकेक करत थांबले आणि शेजारणीच्या छोट्या ट्रान्झिस्टरमधून एक पुरुषी आवाज भांडायला आल्यासारखा ओरडला, "लाइट गेलेली आहे. आता ऐका."

मग त्या आवाजानं नळाला पाणी कधी येणार ते सांगितलं, धामणकर नाक्यावर सापडलेल्या एका छत्रीचं वर्णन केलं, आणि पुढे म्हणाला, "आपल्या चाळीत खोली नंबर चारमध्ये नवीन बाई आल्या आहेत. त्या शिकवण्या घेतात. त्यांचा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी खात्री देत नाही. त्यांनी वर गच्चीवर यावं."

मी पिठाच्या हातानं तशीच उभी राहिले. हा आवाज आमच्या घरमालकांचा होता. डिपॉझिट देताना मी त्यांना एकदाच भेटले होते, तेव्हाही ते असेच ओरडून बोलले होते आणि मला वाटलं होतं, रागीट असतील. मी हात धुतले आणि भांडायचं ठरवून गच्चीवर गेले. खाली आले ती दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या रेडिओवर निवेदन करायचं कबूल करून. हे कसं झालं ते माझ्या नवऱ्याला मी नीट समजावू शकले नाही. तो पडघ्याजवळच्या गोदामात कामाला होता, संध्याकाळी आला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला की माणूस वेडा दिसतो, पण भाडं वाढवत नाही, तेव्हा जा.

त्यांना मी काका म्हणायचे. कारखान्यातले कारागीर चाचा म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांदे, लुंगी आणि वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. मूळचे खाडीकाठच्या गावचे. वाडवडिलांची भातशेती आणि मिठागर होतं. जमिनी गेल्या तेव्हा त्यांनी नारपोलीत लूमचा कारखाना टाकला आणि वर-बाजूला आमची चाळ बांधली. तरुणपणापासून लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. ऐकू येत नाही म्हणून त्यांना वाईट वाटत असेल असं कधी दिसलं नाही. ते ओठ वाचत. लूमवर काम करणारे सगळेच थोडेफार वाचतात, पण काकांची नजर भलतीच होती. रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीवर दोघं काय बोलतात ते त्यांना गच्चीवरून कळायचं. लोकांना हे माहीत नव्हतं. बहिरा म्हातारा म्हणून त्यांच्यासमोर काहीही बोललं जायचं.

त्या वर्षांत भिवंडीत लाइट रोज जायची, तासन्तास जायची. एरवी नारपोलीत रेडिओ ऐकणं शक्यच नव्हतं. एकेका गल्लीत शेकडो लूम चालू असायचे, शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर कानाजवळ तोंड न्यावं लागे. लाइट गेली की मात्र अशी शांतता पसरायची की लांबच्या मशिदीच्या पायरीवर काढलेली चप्पलसुद्धा ऐकू यावी. कारागीर बाहेर येऊन ओट्यांवर बसायचे. काकांच्या डोक्यात रेडिओ आला तो त्यांच्याकडे बघून. ते मला म्हणाले होते, "दहा दहा वर्षं बाजूबाजूला उभी ऱ्हातात ही पोरं, आनी एकाला दुसऱ्याचा गाव म्हाईत न्हाय. आवाजामुलं कोनी कोनाला विचारीतच न्हाय."

म्हणून त्यांनी नाक्यावरच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून जेवणाच्या डब्याएवढा एक ट्रान्समीटर करून घेतला. तो ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. पाण्याच्या टाकीला लोखंडी पाइप बांधून त्यावर अँटेना. हे सगळं बेकायदेशीर होतं. परवानगीसाठी त्यांनी अर्ज केले होते, पण एकट्या माणसाला रेडिओ स्टेशन मिळत नाही असं उत्तर आलं. ते म्हणाले, ठीक आहे, आपण विचारलं, आणि सुरू केलं.

पहिला कार्यक्रम अगदी साधा होता. लाइट गेली की एकेका कारागिरानं वर यायचं आणि आपलं नाव, गाव आणि घरी कोण कोण आहे ते सांगायचं. बस्स. हसायला येईल, पण हे ऐकायला लोक थांबायचे. एकाच तालुक्यातले दोघं वर्षानुवर्षं एका गल्लीत राहत होते आणि त्यांना ते या रेडिओमुळे कळलं. पुढे तेलुगू कारागिरांसाठी वेगळा वेळ झाला, बायका येऊन मुलांच्या औषधांबद्दल विचारू लागल्या. सिनेमाची गाणी मात्र काका लावू देत नसत. गाणी लाइट आल्यावर ऐका, म्हणायचे.

खरं तेच बोलायचं, ही त्यांची अट होती, आणि ती अट ते इतकी ताणायचे की मी कितीतरी वेळा मायक्रोफोनसमोर डोळे मिटून घेतले आहेत. एका मिठाईवाल्यानं जाहिरात दिली. काकांनी आधी दुकानात जाऊन सगळं चाखलं आणि मग स्वतः बोलले, "जिलबी चांगली आहे. पेढा घेऊ नका, शिळा असतो." तो माणूस तणतणत आला. काकांनी त्याला पेढा खायला लावला. आठवड्यानं त्याच्या दुकानात ताजा पेढा मिळायला लागला, तेव्हा तेही काकांनी रेडिओवर सांगितलं.

स्वतःच्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रणही त्यांनी तसंच दिलं. मी लिहून आणलेलं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या मुलाचं लग्न आहे. मुलगा फार हुशार नाही, पण कष्टाळू आहे. मुलीकडच्यांना हे आधीच सांगितलेलं आहे." मुलगा खाली अंगणात मांडववाल्याशी बोलत उभा होता. त्याचा चेहरा मी वरून बघितला. पुढे कितीतरी दिवस तो वडिलांशी बोलला नाही. काकी, म्हणजे काकांची बायको, मला म्हणाली, "खोटा काय बोलले न्हाईत, पन जगाला कशाला सांगाचा?" काकांना तिचा प्रश्नच कळला नाही. खरं आहे ना, मग?

आवाज कुठवर पोचतो याचं त्यांना भारी कुतूहल होतं. एका ट्रकवाल्यानं पडघ्यापर्यंत ऐकू आल्याचं सांगितलं. काकांनी मला सलग वर्तमानपत्र वाचत बसायला सांगितलं, ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवला, एका कारागिराला कान म्हणून स्कूटरवर मागे बसवलं आणि नाशिकच्या दिशेनं निघाले. पडघा फार लांब राहिलं. शहर संपल्यावर थोड्याच अंतरावर आवाज गेला. जिथं गेला तिथल्या रस्त्याखालच्या मोरीवर काका चुन्याची रेघ ओढून आले. नंतर चार-पाच दिवस ते माझ्याशी काही बोलले नाहीत, जणू माझंच वाचन कमी पडलं होतं.

त्यांच्या कारखान्यात यासीन नावाचा उत्तर प्रदेशचा एक कारागीर होता. बहुतेक कारागीर एकटे राहत, पण यासीननं बायकोला आणलं होतं. नसीम तिचं नाव. आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत ती दोघं आणि त्यांची रांगती मुलगी राहायची. नळावर माझी तिची भेट व्हायची. यासीननं रेडिओवर आपलं नाव-गाव सांगितलं त्या दिवशी त्यानं घरी पत्र लिहायला घ्यावं तसं सगळं सांगितलं होतं, बायकोचं नाव, मुलीचं नाव, गावच्या घराच्या दाराशी असलेलं कडुनिंबाचं झाड. नसीमनं ते शेजारच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका तिला चिडवत होत्या. मग यासीननं तिला स्वतःचा एक ट्रान्झिस्टर आणून दिला. लाइट गेली की ती तो दारात घेऊन बसायची.

तो दिवस सांगताना मला अजूनही मध्ये थांबावं लागतं.

सकाळचं लोडशेडिंग संपून लाइट आली. लाइट येते तेव्हा एकदम येते. यासीन त्या वेळी लूममध्ये अडकलेला धागा काढत वाकला होता आणि त्याचा हात मोटरला लागला होता. मोटरची वायर सोललेली होती. सगळे लूम एकदम सुरू झाले आणि त्या आवाजात तो पडलेला कुणाला ऐकू आला नाही. शेजारच्या कारागिराला बऱ्याच वेळानं दिसलं की यासीनचा लूम बंद आहे. काकांचा मुलगा आणि दोघंतिघं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. तिथं पोचेपर्यंत तो गेला होता.

मला हे दुपारी कळलं, तेही अर्धवट. अंगणात काकांचा मुलगा आणि आसपासच्या कारखान्यांचे तीन-चार शेठ उभे होते. मी जिन्यात होते. काका त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर, भिंतीला टेकून. ते लोक हळू आवाजात बोलत होते, पण काकांकडे पाठ करायची गरज कुणाला वाटली नव्हती. नंतर काकांनीच मला सांगितलं त्यांनी काय वाचलं ते. छातीत दुखत होतं असं सांगायचं. डॉक्टर आपल्या ओळखीचा बघायचा. बॉडी आजच्या आज गावाला रवाना करायची. म्हाताऱ्याला मी समजावतो, असं मुलगा म्हणाला.

दुपारची लाइट गेली. लूम थांबले. मी वर गेले ती आज काही बोलायचं नाही असं सांगायला. काका आधीच बसले होते. त्यांनी मला हातानं बाजूला व्हायची खूण केली आणि मायक्रोफोन ओढून घेतला.

"लाइट गेलेली आहे. आता ऐका. आज सकाळी माझ्या कारखान्यात यासीन नावाचा कारागीर शॉक लागून मेला. मोटरची वायर सोललेली होती. त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. मी उद्या करू म्हटलं. त्याच्या छातीत दुखत नव्हतं. कुणी तसं सांगितलं तर ते खोटं आहे. चूक माझी आहे."

मग त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, कारखान्याचा पत्ता सांगितला. मी दाराची चौकट धरून उभी होते. एखादा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला पोलिसांत देतोय आणि आपण बघतोय, एवढंच मला कळत होतं. श्वास घेऊन ते तेच सगळं हिंदीत सांगायला लागले, कारण ऐकणारे बहुतेक हिंदीवाले. "यासीन मेरे कारखाने में काम करता था. उसको करंट लगा. वो मर गया है."

तेव्हाच मागच्या गल्लीतून ती किंकाळी आली.

आख्ख्या नारपोलीत दुसरा आवाज नव्हता. मला क्षणभर कळलंच नाही आणि मग कळलं. काकांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. ते बोलतच होते. खाली ती ओरडतेय, आणि तिच्या हातातल्या, शेजारणींच्या, ओट्या-ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरमधून काका तिला पुन्हा पुन्हा सांगतायत की तो मेला. मी पुढे होऊन मायक्रोफोनवर हात ठेवला. त्यांनी रागानं वर बघितलं. मी नुसते ओठ हलवले, नसीम.

त्यांनी मायक्रोफोन बाजूला सारला. मग म्हणाले, "तिला कोनी सांगितला न्हवता?"

नव्हतं सांगितलं. काय सांगायचं ते ठरेपर्यंत दवाखान्यातून आलेल्या कुणीच तिच्या दाराशी जायचं नाही, असं त्या शेठ लोकांनी आधीच ठरवलं होतं. काकांनी त्यांच्या ओठांवरचं बाकीचं सगळं वाचलं होतं. हे अंगणात कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळे त्यांना दिसलं नव्हतं. आणि ज्याला एवढं सगळं दिसायचं त्या माणसाला स्वतःहून आधी मागच्या गल्लीत जायचं सुचलं नव्हतं.

ते जिना उतरून नसीमच्या खोलीकडे गेले. मुलगा मध्ये आडवा आला, त्याला त्यांनी बाजूला केलं. मी मागून गेले. खोलीत बायकांची गर्दी होती, त्यांनी वाट दिली. नसीम भिंतीशी बसली होती. आता ती ओरडत नव्हती. तिनं काकांकडे बघितलं आणि अगदी सावकाश, त्यांना ओठ वाचता यावेत एवढं सावकाश विचारलं, "चाचा, घर आके नहीं बोल सकते थे?"

काका तिच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसले. पोलीस येईपर्यंत तिथंच बसून होते.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट सांगायची आहे. संध्याकाळी लाइट आली. आमच्या गल्लीतले बल्ब लागले, पंखे फिरायला लागले, आणि लूम सुरू झाले नाहीत. एकही नाही. शेजारच्या गल्लीतूनही आवाज नाही. कारागीर ओट्यांवर बसून राहिले होते. शेठ लोक ओरडत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लाइट असताना त्यांचं ओरडणं सगळ्यांना ऐकू येत होतं. पहिल्यांदा वायरी बघा, मग आम्ही आत येतो, एवढंच कारागिरांचं म्हणणं होतं. पुढचे कितीतरी दिवस नाक्यावर वायरमन मिळत नव्हता.

पोलिसांनी काकांबरोबर ट्रान्समीटर, बॅटरी आणि पाइपही नेला. रेडिओ तिथंच संपला. वकिलानं काकांना परोपरीनं सांगितलं की रेडिओवर बोललेलं नाकारता येईल. त्यांनी नाकारलं नाही. खटला रेंगाळत चालला, शेवटी शिक्षा झाली आणि काही महिने ते आत राहून आले. मुलानं कारखाना वेगळा करून घेतला. बाकीचे शेठ त्यांच्याशी बोलेनासे झाले. कारागीर मात्र रस्त्यात दिसले की थांबून सलाम करायचे. त्यामुळे ते अस्वस्थ होत आणि चालायला लागत. मधल्या काळात शहरात वीज देण्याची व्यवस्था बदलली, लाइट जायची कमी झाली, आणि लूम दिवसरात्र चालायला लागले. रेडिओ परत सुरू केला असता तरी ऐकायला शांतता उरली नव्हती. नसीम मुलीला घेऊन केव्हाच गावी निघून गेली होती. आम्हीही पुढे कल्याणला राहायला गेलो.

इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल सांगताना असंच सांगायचे की या माणसानं काहीही लपवलं नाही. चूक केली ती सांगण्याच्या जागेची.

ते गेले तेव्हा मी तेराव्याला गेले होते. जेवणं आटोपल्यावर काकीनं मला आत बोलावलं. तुरुंगातून सुटल्यावर काका नसीमच्या गावाला जाऊन आले होते, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. काकीही बरोबर होती. नाशिकच्या पुढे कधी न गेलेली ती दोघं रेल्वेनं, मग बसनं, मग पायी त्या गावात पोचली. काका तिच्या दाराशी उभे राहिले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.

"हलू आवाजात बोलत व्हते," काकी म्हणाली. "मना म्हाईतच न्हवता त्यांना हलू बोलता येतं."

नसीमनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की दोनदा सांगूनही वायर का नाही बदलली. तेव्हा काकांनी सांगितलं. वायरमन आला होता. यासीन गेला त्याच्या आदल्याच दिवशी, वायर बदलायलाच आला होता. काकांनी त्याला आधी गच्चीवर नेलं, अँटेनाचा पाइप आणखी उंच करून घ्यायला. त्यात त्याचा दिवस गेला आणि वायर उद्यावर पडली.

पाइप उंच झालेला मी बघितला होता. त्या दुपारी आवाज एरवीपेक्षा किती स्वच्छ येत होता, असं नंतर मला शेजारणी म्हणाल्याही होत्या.

"मना पन कवा सांगितला न्हवता," काकी म्हणाली. "तिथं, तिच्यासमोर पयल्यांदा ऐकला मी."

नसीमनं त्यांना विचारलं, हे रेडिओवर का नाही बोललात. काका म्हणाले, हिंमत झाली नाही.

ती उठून आत गेली. काकीला वाटलं, आता दार लावून घेईल. पण ती मुलीला घेऊन बाहेर आली. मुलगी आता शाळेत जायच्या वयाची होती, हातात अर्धी पोळी होती. नसीमनं तिला काकांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "अब इसको बोलो. पूरा."

काका खाली बसले, मुलीच्या तोंडासमोर तोंड येईल असे. आणि वायरमन आला होता इथपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली.